किरणोत्सारी द्रव कचरा: बाटलीत पडण्याआधीपासून बाटली रिकामी होईपर्यंत

प्रयोगशाळेत चार लिटरच्या बाटलीत फॉस्फरस-३२ चं धुवण साठलेलं आहे. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या काळात त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. बाटली बंद करून पाच महिने आडोशाला ठेवली, की त्यातली किरणोत्सारिता हजार पटींहून जास्त उतरते. अशात घाईत असलेल्या कुणीतरी त्याच बाटलीत कार्बन-१४ चं दोन मिलिलिटर द्रावण ओतलं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य सुमारे ५,७०० वर्षं. आता त्या चार लिटरसाठी वाट पाहणं हा उपायच राहिला नाही. आत पडलेला थेंब बाहेर काढता येत नाही आणि अख्खी बाटली दीर्घायुषी कचरा ठरते.

द्रव कचऱ्याचं व्यवस्थापन म्हणजे साठवणखोली, टाक्या, शुद्धीकरण असं चित्र डोळ्यांपुढे येतं. त्या गोष्टी लागतातच. पण कचरा सोपा राहणार की अवघड होणार, हे ओट्यावर, ओतणाऱ्याच्या हातात ठरतं. म्हणून या लेखात ओट्यावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे. सोडण्याच्या मर्यादा आणि परवान्यातल्या अटी जागोजागी वेगळ्या असतात. तुमच्या संस्थेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याचा शब्द या लेखाच्या वर आहे, हे धरूनच पुढचं वाचावं.

प्रयोगाआधी

पहिला प्रश्न असा: किरणोत्सारी पदार्थ लागणारच आहे का? जिथे प्रतिदीप्त (प्रकाश पडला की चमकणारी) किंवा रासायनिक-प्रकाशी (अभिक्रियेतून प्रकाश देणारी) खूण पुरेशी आहे, तिथे हा कचरा निर्माणच होत नाही. लागणारच असेल, तर कोणता समस्थानिक (मूलद्रव्याचा ठरावीक वजनाचा अणुप्रकार) घ्यायचा याला थोडी मोकळीक असते का ते बघा. काही कामांत फॉस्फरस-३२ ऐवजी फॉस्फरस-३३ चालतो. त्यातून निघणाऱ्या बीटा कणांची (वेगवान इलेक्ट्रॉनांची) ऊर्जा बरीच कमी असल्याने हाताळणी सोपी होते. पण त्याचं अर्धायुष्य २५.३ दिवसांचं असल्याने बाटली जास्त काळ सांभाळावी लागते. ही देवाणघेवाण मागणी नोंदवण्याआधी समजून घ्यावी.

मग कागदावर प्रयोगाचा ताळेबंद मांडा. किती मेगाबेकरेल मागवणार (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय, मेगाबेकरेल म्हणजे असे दहा लाख), त्यातलं किती नमुन्यात राहणार, किती पहिल्या धुवणात जाणार, किती नंतरच्या धुवणांत, आणि एकूण किती लिटर जमणार. सहसा बरीचशी किरणोत्सारिता पहिल्या एक-दोन धुवणांत निघून जाते. नंतरच्या धुवणांत आकारमान मोठं असतं, पण किरणोत्सारिता थोडी. हे दोन्ही प्रवाह वेगळे जमवले, तर लहान बाटली तीव्र राहते आणि मोठी बाटली लवकर मोकळी होते. धुवायला ५०० मिलिलिटरऐवजी १०० पुरत असतील, तर तेही याच टप्प्यावर कळतं.

माझा एक नियम ठाम आहे. या कचऱ्याचा शेवट कुठे होणार, याचं उत्तर लिहिता येत नसेल, तर समस्थानिक मागवायचा नाही.

अर्धायुष्याप्रमाणे वाटणी

संशोधन प्रयोगशाळेत भेटणारे समस्थानिक दोन गटांत पाडले, की निम्मं काम होतं. पहिला गट वाट पाहून संपणाऱ्यांचा: फ्लोरीन-१८ (११० मिनिटं), टेक्नेशियम-९९एम (६ तास), आयोडीन-१३१ (८ दिवस), फॉस्फरस-३२ आणि ३३, क्रोमियम-५१ (२७.७ दिवस), आयोडीन-१२५ (सुमारे ६० दिवस) आणि गंधक-३५ (८७.४ दिवस). आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये कचऱ्याचं जे वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्यात अत्यल्पायुषी कचऱ्याचा वेगळा वर्ग आहे. त्याची हद्द साधारण १०० दिवसांच्या अर्धायुष्याच्या आसपास धरली जाते. वरचे सगळे त्यात बसतात.

दुसऱ्या गटात ट्रिटियम (१२.३ वर्षं), कोबाल्ट-६० (५.२७ वर्षं), सीझियम-१३७ (३० वर्षं) आणि कार्बन-१४ येतात. हे तुमच्या साठवणखोलीत संपणारे नाहीत.

एक नाव मात्र हमखास विसरलं जातं: युरेनिल अ‍ॅसिटेट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने रंगवायला ते वापरतात. ज्या खोलीत ते ठेवलेलं असतं, तिथे किरणोत्सारी काम चालतं असं कुणाच्या मनातही नसतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षांचं आहे. वर तो जड धातू म्हणूनही विषारी. त्याचं धुवण मोरीत सोडू नका आणि इतर कोणत्याही बाटलीत मिसळू नका.

ओट्यावरची वर्गवारी

आता प्रत्यक्ष बाटल्या मांडायच्या. एका समस्थानिकाला एक बाटली, हा पाया. त्यानंतर पाण्यातलं द्रावण वेगळं आणि सेंद्रिय द्रावकातलं वेगळं. रक्त, पेशी, जंतू असलेलं आणखी वेगळं. जड धातू किंवा तीव्र आम्ल असलेलं त्याहून वेगळं. बाटल्यांची संख्या वाढते हे खरं, पण प्रत्येक बाटलीचा पुढचा मार्ग सरळ राहतो. फॉस्फरस-३२ आणि ३३ एकत्र जमवायची वेळ आलीच, तर ती बाटली ३३ ची म्हणून धरा. मिश्रणात नेहमी सर्वांत लांब अर्धायुष्याची गणती चालते.

द्रवात घन वस्तू टाकू नयेत. पिपेटची टोकं, जेलचे तुकडे, हातमोजे, टिपकागद हे सगळं घन कचऱ्यात. जेलचा लगदा तळाला बसला, की वरच्या द्रवाचा नमुना घेऊन केलेलं मोजमाप खोटं ठरतं.

लिक्विड सिंटिलेशनच्या कुप्या हा आणखी एक स्वतंत्र प्रवाह. या पद्धतीत नमुना कॉकटेल नावाच्या द्रवात मिसळतात, किरणोत्सारामुळे तो द्रव चमकतो आणि ती चमक मोजतात. जुन्या कॉकटेलमध्ये टोल्यूइन किंवा झायलीन असतं आणि टोल्यूइनच्या वाफा ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकतात. म्हणजे कचरा किरणोत्सारी आणि ज्वालाग्राही, दोन्ही. उच्च ज्वलनबिंदूची, जैवविघटनशील कॉकटेल बाजारात आहेत. प्रयोगाला चालत असतील, तर तीच घ्यावीत. मात्र जैवविघटनशील म्हणजे मोरीत ओतण्याजोगं, असा अर्थ काढू नये.

बाटली, ट्रे, चिठ्ठी

पाण्यातल्या द्रावणांना जाड पॉलिथिलीनची, फिरकीच्या झाकणाची, अरुंद तोंडाची बाटली चांगली. द्रावकांसाठी त्या द्रावकाला टिकणारं भांडं. तीन-चतुर्थांश भरली की बाटली बंद करायची, कारण वायू सुटणं किंवा तापमान वाढणं यासाठी वर मोकळी जागा लागते. झाकण ओतण्यापुरतंच उघडायचं. नरसाळं बाटलीवर तसंच ठेवून जाण्याची सवय मोडा, उघड्या तोंडातून वाफ खोलीत येते. खाद्यपदार्थाची किंवा पिण्याच्या पाण्याची बाटली यासाठी कधीही वापरू नका.

बाटली ट्रेमध्ये ठेवायची. सगळ्यात मोठी बाटली फुटली तरी सगळा द्रव मावेल आणि वर थोडी जागा उरेल, एवढा तो ट्रे खोल असावा.

आडोशाबद्दल एक गैरसमज आहे. किरणोत्सर्ग म्हटला की लोक शिसं शोधतात. फॉस्फरस-३२ चे बीटा कण १.७१ एमईव्हीपर्यंत (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे असतात. ते शिशासारख्या जड धातूत अडले, की क्ष-किरण निर्माण होतात आणि ते जास्त भेदक असतात. त्यासाठी १ सेंटिमीटर जाडीचं अ‍ॅक्रिलिक पुढे हवं. साठा मोठा असेल, तर अ‍ॅक्रिलिकच्या बाहेरून शिसं लावतात, आतून कधीच नाही. आयोडीन-१२५ चं याच्या उलट आहे. त्याच्या कमी ऊर्जेच्या गॅमा आणि क्ष-किरणांना शिशाचा पातळ पत्रा पुरतो, अ‍ॅक्रिलिक मात्र जवळजवळ निरुपयोगी. ट्रिटियम, कार्बन-१४ आणि गंधक-३५ यांना बाटलीची भिंतच पुरे. तिथे धोका आत जाण्याचा असतो, बाहेरून लागण्याचा नव्हे.

चिठ्ठी पहिला थेंब ओतण्याआधी लावायची. तिच्यावर किरणोत्सर्गाची तीन पात्यांची खूण, समस्थानिक, रासायनिक घटक पूर्ण नावांनी, बाटली उघडल्याची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं नाव. सोबत ओतण्याची यादी: दर वेळी तारीख, अंदाजे मिलिलिटर, अंदाजे किलोबेकरेल, सही. प्रयोगाचे लघुनाम लिहू नका. ते लिहिणारा गेल्यावर त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही.

खरा धोका रसायनांचा

संशोधन प्रयोगशाळेतल्या द्रव कचऱ्याच्या बाटलीत किरणोत्सारिता बहुधा माफक असते. माणसाला तत्काळ इजा होते ती रासायनिक अभिक्रियेने. म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

आयोडीनच्या बाटलीत आम्ल किंवा ब्लीच जाऊ देऊ नका. आयोडाइडचं ऑक्सिडीकरण होऊन उडून जाणारं आयोडीन तयार होतं, ते श्वासावाटे शिरतं आणि थायरॉइडमध्ये जमतं. आयोडीनचं धुवण अल्कधर्मी ठेवावं आणि त्यात थोडं सोडियम थायोसल्फेट घालावं, म्हणजे मुक्त आयोडीन परत आयोडाइड होतं. बाटली फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात) ठेवावी. या धुवणात जैविक नमुने असतील, तर जंतुनाशक निवडताना हीच अडचण उभी राहते. ब्लीच हाताशी असतं म्हणून ओतलं जातं. त्याऐवजी आयोडीनला न छेडणारं जंतुनाशक आधी ठरवून ठेवावं. बाटली ऑटोक्लेव्हमध्ये घालणं हाही मार्ग नाही, उडणारा समस्थानिक वाफेबरोबर बाहेर येतो.

कार्बन-१४ बायकार्बोनेटच्या रूपात असेल, तर आम्ल पडताच तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. तेही अल्कधर्मी ठेवा. गंधक-३५ असलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या साठ्यातून वाफेच्या रूपात गंधक निसटतं. कुपी फ्यूम हूडमध्ये उघडावी आणि ऊबपेटीत (इन्क्युबेटरमध्ये) सक्रिय कोळसा ठेवावा.

न्यूक्लिक आम्लं वेगळी काढण्याच्या संचांत ग्वानिडिनचे क्षार असतात. त्यात ब्लीच पडलं की विषारी वायू सुटतात. प्रतिपिंडांच्या संचांत परिरक्षक म्हणून सोडियम अझाइड असतं. ते तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात साठत गेलं, तर धातूचं स्फोटक अझाइड बनतं आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हातात ते फुटू शकतं. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय द्रावक एका बाटलीत आले, तर वायूचा दाब वाढून बाटली फुटते, कधी काही तासांनी, रिकाम्या खोलीत.

नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या संगतीने काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यू मेक्सिको राज्यातल्या वेस्ट आयसोलेशन पायलट प्लांट या भूमिगत कोठारात एक पिंप फुटलं. लॉस अलामोस इथून आलेल्या त्या पिंपात नायट्रेट क्षारांचा कचरा होता. द्रव शोषायला खनिज पदार्थ घालायचा, त्याऐवजी गव्हापासून बनवलेला सेंद्रिय शोषक घातला गेला होता. आतली अभिक्रिया तापत गेली, पिंप उघडलं आणि अमेरिशियम व प्लुटोनियम बाहेर पडलं. कोठारात पुन्हा कचरा ठेवायला जानेवारी २०१७ उजाडला. सांडलेला द्रव टिपायला तुम्ही लाकडाचा भुसा घेता की खनिज शोषक, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

तटस्थ द्रावण सगळ्यात समजूतदार. आयोडीन आणि बायकार्बोनेटसारखे अपवाद सोडले, तर बाटली बंद करताना पीएच ६ ते ९ च्या दरम्यान असावा. तो तपासायला पट्टी पुरते.

मोजमाप

गायगर काउंटर फॉस्फरस-३२ चांगला पकडतो. कार्बन-१४ आणि गंधक-३५ जवळून, पातळ खिडकीच्या नळीने, तेही अर्धवट. ट्रिटियम तो पकडतच नाही, कारण त्याच्या बीटा कणांची ऊर्जा जेमतेम १८.६ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) असते. बाटलीजवळ काउंटर शांत आहे म्हणून बाटली स्वच्छ आहे, हा निष्कर्ष ट्रिटियमच्या खोलीत साफ चुकीचा. तिथे टिपकागदाने पुसून तो लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजावा लागतो. आयोडीन-१२५ साठी पातळ सोडियम आयोडाइड स्फटिकाचा शोधक हवा.

फॉस्फरस-३२ बद्दल एक युक्ती सांगण्यासारखी आहे. पाण्यात त्याच्या वेगवान बीटा कणांमुळे चेरेन्कोव्ह प्रकाश निर्माण होतो आणि तो सिंटिलेशन काउंटरला दिसतो. म्हणजे कॉकटेल न घालता, साध्या पाण्यातच मोजणी होते आणि द्रावकमिश्रित कचरा वाचतो. पाण्यात यासाठी किमान २६३ केईव्ही ऊर्जा लागते, त्यामुळे कार्बन-१४, गंधक-३५ आणि ट्रिटियम यांना हा मार्ग बंद आहे.

हिशेब असा. बाटली बंद करण्याआधी, आडोशामागे, नीट ढवळून १ मिलिलिटर नमुना घेतला. पार्श्वभूमी (नमुना नसतानाही येणाऱ्या मोजण्या) वजा करून मिनिटाला ४२,००० मोजण्या आल्या. काउंटरची क्षमता ४० टक्के निघाली आहे, म्हणजे शंभर क्षयांतले चाळीस तो मोजतो. ४२,००० भागिले ०.४ म्हणजे मिनिटाला १,०५,००० क्षय. साठने भागलं की १,७५० बेकरेल प्रति मिलिलिटर. बाटलीत ४ लिटर, म्हणजे एकूण ७ मेगाबेकरेल. हा आकडा ओतण्याच्या यादीतल्या बेरजेशी ताडून बघा. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर बाटली बंद करण्याआधी कारण शोधा. बहुतेकदा कुणीतरी यादीत न लिहिता ओतलेलं असतं.

वाट पाहणं

शेवटचा थेंब ज्या दिवशी पडला, तो दिवस शून्य. बाटली बंद, झाकणावर पट्टी, तारीख. त्यानंतर तिच्यात काही घालायचं नाही. नवीन थेंब पडला की मोजणी पहिल्यापासून.

दहा अर्धायुष्यांचा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो. दहा वेळा निम्मं केलं, की १,०२४ वा भाग उरतो. फॉस्फरस-३२ ला १४३ दिवस, आयोडीन-१२५ ला सुमारे २० महिने, गंधक-३५ ला ८७४ दिवस, म्हणजे दोन वर्षं चार-पाच महिने. वरच्या बाटलीतले ७ मेगाबेकरेल १४३ दिवसांनी सुमारे ६,८०० बेकरेल होतील, मिलिलिटरला १.७ बेकरेल.

पण हा ठोकताळाच आहे. सुरुवात शंभरपट जास्त किरणोत्सारितेने झाली, तर दहा अर्धायुष्यांनंतरही शंभरपट जास्तच उरेल. शिवाय फॉस्फरस-३२ च्या साठ्यात ३३ चा अंश असू शकतो. १४३ दिवसांत ३२ हजारपट उतरतो, ३३ मात्र फक्त पन्नासेक पट. म्हणून कॅलेंडरवर विसंबून बाटली मोकळी करू नका. तारीख आली की पुन्हा मोजा, पार्श्वभूमी कमी असलेल्या जागी, योग्य उपकरणाने, कॉकटेल लागत असेल तर कॉकटेल घालून. आकडा परवान्यातल्या मुक्ततेच्या मर्यादेखाली आला, तरच पुढे.

मोकळी झालेली बाटली किरणोत्सारी नसली, तरी रासायनिक कचरा असू शकते. फिनॉल अजून फिनॉलच आहे. बाहेर पाठवण्याआधी किरणोत्सर्गाची खूण काढून टाका किंवा पूर्ण खोडा, नाहीतर पुढच्या ठिकाणी विनाकारण खळबळ उडते.

साठवणखोलीला कुलूप, वायुवीजन आणि चिरा नसलेली, धुता येणारी फरशी हवी. महिन्यातून एकदा प्रत्येक बाटली डोळ्यांनी बघायची. फुगलेलं झाकण, ठिसूळ झालेलं प्लास्टिक, पुसट झालेली चिठ्ठी या तीन गोष्टी मुख्यतः शोधायच्या.

मोरीत सोडणं

काही ठिकाणी विरघळलेला, अगदी कमी किरणोत्सारितेचा द्रव ठरावीक मोरीत सोडायची परवानगी असते. परवानगी असेल तरच, नेमलेल्या एकाच मोरीत, त्या दिवसाच्या आणि महिन्याच्या मर्यादेत, आणि प्रत्येक वेळी नोंद करून. द्रव पूर्ण विरघळलेला हवा. साका नळाच्या वाकात बसतो आणि तिथेच साठत जातो. सेंद्रिय द्रावक, जड धातू, अझाइड यांना ही वाट कायम बंद. मर्यादेत बसवण्यासाठी मुद्दाम पाणी घालून पातळ करू नका: एकूण किरणोत्सारिता तेवढीच राहते, फक्त आकडा लहान दिसतो. त्या मोरीखालच्या नळावर खूण लावा आणि दुरुस्तीआधी तो तपासून द्या.

जे वाट पाहून संपत नाही

ट्रिटियम, कार्बन-१४, सीझियम, युरेनियम यांचा द्रव कचरा अधिकृत केंद्राकडे जातो. तिथे त्यातली किरणोत्सारिता थोड्या आकारमानात गोळा करतात: आयन-विनिमय राळ, बाष्पीभवन किंवा अवक्षेपण वापरून. सीझियम फेरोसायनाइडच्या संयुगांवर किंवा झिओलाइटवर धरतात, स्ट्रॉन्शियम फॉस्फेटबरोबर खाली बसवतात, आणि उरलेला गाळ सिमेंटमध्ये बद्ध करतात. ट्रिटियमला यातलं काही लागू पडत नाही, कारण ते पाण्याच्याच रेणूत शिरलेलं असतं. हे काम ओट्यावर करून बघू नका. तुमचं काम आकारमान लहान ठेवणं आणि घटक खरे लिहिणं. केंद्र बाटली परत पाठवतं, तेव्हा कारण बहुधा अपुरी चिठ्ठी हेच असतं.

सांडलं तर

आधी आसपासच्यांना सांगा. मग सांडलेल्यावर टिपकागद टाका आणि जागा अडवा. बूट तिथेच काढा, म्हणजे डाग खोलीभर फिरत नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. पुसताना बाहेरून आत यायचं. अंगावर उडालं असेल, तर त्याला पहिला मान: कोमट पाणी, सौम्य साबण, हलका हात. घासून कातडी सोलली, तर किरणोत्सारी पदार्थ आत जातो. आयोडीन सांडलं असेल, तर पुसण्याआधी थायोसल्फेटचं द्रावण ओता आणि ब्लीचची बाटली लांब ठेवा. ट्रिटियम असेल, तर हातमोजे दुहेरी घाला आणि वारंवार बदला, कारण ट्रिटियमयुक्त पाणी हातमोज्यातून झिरपतं. शेवटी तपासणी, आणि टिपलेलं सगळं घन कचऱ्यात.

निघून जाणाऱ्याची बाटली

संशोधक येतात, काम संपवतात, जातात. बाटल्या राहतात. कुणी प्रयोगशाळा सोडत असेल, तर शेवटच्या महिन्यात त्याच्या प्रत्येक बाटलीजवळ त्याच्यासोबत उभं राहून यादी वाचा. पुढच्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहा आणि दोघांच्या सह्या नोंदवहीत घ्या. याला जास्तीत जास्त एक दुपार लागते.

तरीही कधीतरी कपाटाच्या मागे बिनचिठ्ठीची बाटली सापडते. ती हलवू नका, झाकण फिरवू नका, वास घेऊ नका. झाकणाभोवती स्फटिक दिसत असतील तर लगेच लांब व्हा, जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड जमलेलं असू शकतं. बाटलीचा फोटो लांबून काढा, दार बंद करा, सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा आणि मग जुन्या नोंदवह्या उघडा: त्या खोलीत कोण, कोणत्या वर्षी, काय मागवत होतं.